मानेचा हिसका : एका न दिसणाऱ्या दुखण्याचा इतिहास

मराठींत 'मान' हा शब्द दोन लिंगांत चालतो आणि दोन अर्थ देतो. 'ती मान' म्हणजे डोकें व धड यांना जोडणारा अवयव. 'तो मान' म्हणजे चार लोकांत मिळणारी प्रतिष्ठा. व्याकरणाच्या तासाला हा भेद मीं कित्येक वर्षें मुलांना सांगितला. परंतु या दोन शब्दांचा एकमेकांशीं किती जवळचा संबंध येतो, हें मला अपघातांचा इतिहास वाचतांना कळलें. आज ज्या दुखण्याविषयीं मी बोलणार आहें, तें ज्याला जडतें त्याची मान तर दुखावतेच. पण तें डोळ्यांना दिसत नसल्यामुळें त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं, आणि मग त्याचा मानहि दुखावतो.

मोटार उभी असतां किंवा हळू चालली असतां मागून दुसऱ्या वाहनाचा धक्का बसतो. मोटारीला फारशी इजा होत नाहीं, रक्ताचा थेंब सांडत नाहीं, आंतील माणूस आपल्या पायांनीं खालीं उतरतो. पण त्या रात्रीं किंवा दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याची मान लाकडासारखी ताठ होते, डोकें मागच्या बाजूनें ठणकूं लागतें, खांदे भरून येतात, क्वचित् भोंवळहि येते. इंग्रजींत ह्या दुखापतीला 'व्हिप्लॅश' म्हणजे चाबकाचा फटकारा असें नांव पडलें आहे. आपण तिला मानेचा हिसका म्हणूं. हिच्यावर उपचार काय करावा, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत वैद्यकशास्त्राची शंभरांहून अधिक वर्षें गेलीं; आणि शेवटीं जें उत्तर मिळालें, तें आपल्या समजुतीच्या बरेंच उलट आहे.

आपली घरगुती समजूत काय आहे, तें आधीं पाहूं. मान अवघडली म्हणजे उशी उन्हांत टाकावी, उसण भरली म्हणजे पायाळू माणसाचा पाय लावून घ्यावा, लचक भरली म्हणजे हाडवैद्याकडे जाऊन चोळून घ्यावें, हे उपाय आपल्या आजी-पणजीपासून चालत आलेले आहेत. ह्यांच्या जोडीला आणखी एक उपदेश असतो, तो म्हणजे 'स्वस्थ पडून राहा.' हालचाल केली तर दुखणें वाढेल, ही भीति सर्वांच्या मनांत असते. आणि दुखऱ्या अवयवाला विश्रांति द्यावी, हें वरवर पाहतां अगदीं शहाणपणाचेंच वाटतें.

आपल्या प्राचीन शास्त्रानें मात्र ह्या विषयाचा अधिक बारकाईनें विचार केलेला आढळतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत भग्नचिकित्सेचा जो अध्याय आहे, त्यांत मानेचा स्वतंत्र उल्लेख आहे. मान वळून बसली किंवा आंत खचली असतां ती मागच्या खांचेपाशीं व जबड्यापाशीं धरून वर उचलावी, सारख्या पट्ट्या देऊन वस्त्रानें गुंडाळावी आणि रोग्याला सात रात्रीं उताणा निजवून ठेवावा, असें तेथें सांगितलें आहे. हा उपाय मोडलेल्या किंवा निखळलेल्या मानेचा आहे; आजच्या काळीं तो कोणी घरीं करूं जाऊं नये. पण दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, विश्रांतीला मर्यादा घातलेली आहे. दुसरी गोष्ट त्याच अध्यायांत तळहाताच्या दुखापतीच्या प्रकरणीं येते. तेथें रोग्याला आधीं मऊ गोळा हातांत धरावयास द्यावा आणि हाताला बळ आलें म्हणजे दगड धरावयास द्यावा, असा क्रम सांगितला आहे. थोडी विश्रांति, मग सोपी हालचाल, आणि मग क्रमाक्रमानें वाढणारा भार, हें सूत्र एवढ्या जुन्या काळीं कोणास तरी सुचलेलें होतें. पुढें तें मागें पडलें, आणि जगाला तें पुन्हां शोधून काढावें लागलें.

हा नवा शोध सुरू झाला तो आगगाडीमुळें. बैलगाडीला व मेण्याला हिसका असतो, पण वेग नसतो. माणसाचें शरीर प्रथमच मोठ्या वेगानें धांवूं लागलें व एकाएकीं थांबूं लागलें, तें एकोणिसाव्या शतकांत. आपल्याकडे १८५३ सालीं मुंबई ते ठाणें ही गाडी सुरू झाली, १८५८ सालीं ती खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आली, आणि १८६३ सालीं बोरघाटाचा अवघड चढ पुरा होऊन मुंबई-पुणें हा प्रवास सलग झाला. त्याच सुमारास इंग्लंडांत रेल्वेचें जाळें पसरलें होतें आणि अपघातहि वाढले होते. त्या अपघातांतून सुखरूप बाहेर पडलेले कांहीं प्रवासी कांहीं दिवसांनीं वैद्यांकडे येऊं लागले. मान व पाठ दुखते, झोंप येत नाहीं, लक्ष लागत नाहीं, हातापायांत शक्ति नाहीं, अशा त्यांच्या तक्रारी असत. आणि अंगावर मात्र जखमेची खूण नसे.

प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याचें उदाहरण ह्या बाबतींत बोलकें आहे. ९ जून १८६५ रोजीं केंट परगण्यांतील स्टेपलहर्स्ट येथें त्याच्या गाडीला अपघात झाला. डिकन्स स्वतः बचावला, इतकेंच नव्हे तर त्यानें जखमी लोकांची शुश्रूषाहि केली. परंतु त्यानंतर आगगाडींत बसलें कीं त्याच्या शरीराला कांप सुटे व मनांत धास्ती उभी राही. ती स्थिति शेवटपर्यंत पुरती गेली नाहीं. पांच वर्षांनीं, १८७० सालच्या त्याच तारखेला, त्याचा मृत्यु झाला.

१८६६ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य जॉन एरिक्सन यांनीं ह्या विषयावरील आपलीं व्याख्यानें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. अपघाताच्या धक्क्यानें पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जु हादरतो व तेथें सूज येते, असें त्यांचें म्हणणें होतें. लोकांनीं ह्या दुखण्याला 'रेल्वेचा कणा' असें चमत्कारिक नांव दिलें. नुकसानभरपाईचे दावे कोर्टांत उभे राहूं लागले, तेव्हां रेल्वे कंपन्याहि स्वस्थ बसल्या नाहींत. १८८३ सालीं एका रेल्वे कंपनीचे शस्त्रवैद्य हर्बर्ट पेज यांनीं उलट बाजू मांडली. मज्जारज्जूला कांहीं झालेलें नसतें. भयानें मनावर झालेला आघात व भरपाईची आशा यांतून हीं लक्षणें उत्पन्न होतात, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. एका बाजूचा डॉक्टर म्हणे कीं, हा मनुष्य जन्माचा अधू झाला. दुसऱ्या बाजूचा म्हणे कीं, याला कांहीं झालेलेंच नाहीं. मधल्या मधें रोगी मात्र न्यायाधीशाच्या तोंडाकडे पाहत बसे. दोन्ही पक्षांना रोग्याच्या मानेपेक्षां दाव्याच्या निकालाची काळजी अधिक होती, असें म्हटलें तर तें फारसें अन्यायाचें होणार नाहीं. मज्जारज्जूच्या सुजेची एरिक्सन यांची कल्पना पुढें टिकली नाहीं; मनाच्या भयाविषयीं पेज यांनीं सांगितलें त्यांतहि अंशतः तथ्य होतें. पण रोगी खोटें बोलतो, हा संशय त्या भांडणांतून जो जन्मास आला, तो अजून पुरता मेलेला नाहीं.

विसाव्या शतकांत आगगाडीची जागा मोटारीनें घेतली. १९२८ सालीं अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को येथें अस्थिवैद्यांच्या सभेंत हॅरॉल्ड क्रो यांनीं वाहनांच्या अपघातांत मान दुखावलेल्या आठ रोग्यांची हकीकत सांगितली, आणि ती सांगतांना चाबकाच्या फटकाऱ्याची उपमा वापरली. ती उपमा एवढी ठसठशीत होती कीं, पाहतां पाहतां तीच रोगाचें नांव होऊन बसली. पुढें १९६४ सालीं क्रो यांनीं ह्याबद्दल खेद व्यक्त केला. आपण फक्त मानेच्या हालचालीचें वर्णन केलें होतें. डॉक्टर, रोगी व वकील या सर्वांनीं तें रोगाचें नांव समजून स्वीकारलें, अशी त्यांची तक्रार होती. भाषाशिक्षकानें लक्षांत ठेवावी अशीच ही गोष्ट आहे. भयंकर नांव दिलें म्हणजे साधें दुखणेंहि भयंकर वाटूं लागतें.

ह्या हिसक्यांत मानेचें नेमकें काय होतें, तें थोडक्यांत सांगतों. मोठ्या माणसाच्या डोक्याचें वजन साडेचार ते पांच किलो भरतें, आणि तें सात लहान मणक्यांच्या उतरंडीवर तोललेलें असतें. मागून धक्का बसला म्हणजे आसनाची पाठ आपल्या धडाला पुढें ढकलते. डोकें मात्र जडत्वामुळें क्षणभर होतें तेथेंच राहतें. त्या क्षणांत मानेला दुहेरी बांक येतो. खालचे मणके मागच्या बाजूस वांकतात आणि वरचे पुढच्या बाजूस. ही गोष्ट अमेरिकेंतील येल विद्यापीठांत मनोहर पंजाबी व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं प्रयोगानें दाखवून दिली. हें सारें एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आंत घडतें. मानेच्या स्नायूंना सावध होऊन डोकें सांवरण्यास तेवढाहि अवकाश पुरत नाहीं. त्यामुळें मणक्यांमधील बारीक सांधे, त्यांचीं आवरणें आणि त्यांना बांधणारे तंतु यांवर ताण बसतो. क्ष-किरणांच्या चित्रांत हाडें दिसतात. हा ताण दिसत नाहीं. म्हणून चित्र निर्दोष येतें आणि मान मात्र दुखत राहते. चित्र निर्दोष आलें याचा अर्थ हाड मोडलेलें नाहीं एवढाच. रोगी सोंग करीत आहे असा नव्हे.

आतां उपचाराकडे वळूं. कित्येक वर्षें ह्या दुखापतीवर एकच ठरीव उपाय होता, तो म्हणजे गळ्याभोंवतीं पट्टा आणि बिछान्यावर विश्रांति. पट्टा बांधला म्हणजे रोग्याला धीर येई व पाहणाऱ्यालाहि खात्री पटे कीं, याला खरोखर कांहीं झालें आहे. जें दुखणें दिसत नव्हतें, तें पट्ट्यामुळें दिसूं लागलें. त्या पट्ट्याच्या लोकप्रियतेचें एक कारण हेंहि असावें, असें मला वाटतें. पण आठवडेच्या आठवडे पट्टा राहिला म्हणजे मानेचे स्नायु काम विसरतात, सांधे आंखडतात, आणि मान वळवली कीं कांहीं तरी मोडेल ही भीति मनांत घर करते. मग पट्टा काढणें हीच एक नवी शिक्षा होते.

ह्या रूढीला पहिला जोराचा धक्का आयर्लंडांतून मिळाला. १९८६ सालीं डब्लिनच्या डॉक्टरांनीं अशा रोग्यांचे दोन गट पाडले. एका गटाला पट्टा व विश्रांति दिली, दुसऱ्या गटाची मान आरंभापासून हळू हळू हलती ठेविली. आठ आठवड्यांनीं पाहिलें तों दुसऱ्या गटाच्या वेदना कमी होत्या आणि मान अधिक मोकळी वळत होती. पुढें १९८९ सालीं बेलफास्ट येथून दोन वर्षांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो तर ह्याहून उद्बोधक होता. ज्यांना केवळ विश्रांति सांगितली होती, ज्यांना रुग्णालयांत बोलावून उपचार केले होते, आणि ज्यांना नीट समजावून देऊन घरचे व्यायाम शिकविले होते, अशा तीन गटांत दुखणें रेंगाळलेल्यांचें प्रमाण तिसऱ्या गटांत सर्वांत कमी आढळलें. दुसऱ्यानें अंग रगडून देण्यापेक्षां आपली आपण रोज केलेली बेताची हालचाल अधिक गुणकारी ठरली. १९९५ सालीं कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांतील तज्ज्ञमंडळानें ह्या दुखापतीची शून्यापासून चारपर्यंत प्रतवारी लावून दिली, आणि सौम्य प्रतीच्या रुग्णांनीं शक्य तितक्या लौकर आपल्या नेहमींच्या व्यवहाराला लागावें, असा निर्वाळा दिला. 

हालचालीनें दुखणें बरें करण्याच्या ह्या विद्येला आपण आज फिजिओथेरपी म्हणतों. तिचा इतिहासहि मोठा मनोरंजक आहे. १८१३ सालीं स्टॉकहोम येथें पेर हेन्रिक लिंग या तलवारबाजीच्या शिक्षकानें व्यायामाची एक संस्था काढली व रोग्यांसाठीं वेगळ्या हालचाली बसविल्या. १८९४ सालीं लंडनमध्यें चार परिचारिकांनीं एकत्र येऊन, अंग चोळण्याच्या धंद्याला आलेली बदनामी दूर करून त्याला शिक्षण व शिस्त लावण्यासाठीं एक संस्था स्थापन केली. पुढें दोन महायुद्धांनीं लक्षावधि तरुणांना पंगू केलें, आणि त्यांना पुन्हां उभें करण्याच्या खटपटींतून ही विद्या वाढीस लागली.

आमच्या पुण्याला व्यायामाचें नवल नाहीं. शनिवारवाडा ज्या पेठेंत उभा आहे त्या आमच्या पेठेला तर तो वारसाच आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाची विद्या नांवारूपास आणली. चिंचेची तालीम, नगरकर तालीम हीं नांवें शहराच्या बोलण्यांत अजून आहेत. तालमींतील पैलवान मान कमावतो आणि तेलानें अंग रगडून घेतो. पण तालीम ही धडधाकट माणसाला बळकट करण्यासाठीं असते. दुखावलेल्या माणसाला परत माणसांत आणण्यासाठीं वेगळी शाळा लागते. ती पुण्यांत आली युद्धामुळें. १९४४ सालीं येथें सैनिकांसाठीं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालें. मुंबईंत १९५० सालीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत कमलाबाई निंबकर यांनीं व्यवसायोपचाराचें विद्यालय काढलें. ह्या बाई जन्मानें अमेरिकन. विवाह करून त्या निंबकरांच्या घरांत आल्या व येथल्याच झाल्या. त्या दशकाच्या आरंभींच त्याच रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें फिजिओथेरपीचें शिक्षणहि सुरू झालें, आणि १९५५ सालीं हाजीअलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. पोलिओनें लुळीं पडलेलीं मुलें हे ह्या विद्येचे आपल्याकडील पहिले मोठे रुग्ण होत. आज पुण्यांत गल्लोगल्लीं जे फिजिओथेरपीचे फलक दिसतात, त्यांचें मूळ तेथें आहे.

ह्या विद्येनें काय साधतें, याचें एक तेजस्वी उदाहरण महाराष्ट्रानें पाहिलें आहे. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे सैन्यांतील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून ते अपंग झाले. उपचार म्हणून ते पोहूं लागले, आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेंत पोहण्याचें सुवर्णपदक त्यांनीं मिळविलें. त्यांची दुखापत मानेच्या हिसक्याहून शतपटीनें भारी होती, हें खरें. पण म्हणूनच तें उदाहरण आपल्यासारख्यांना धीर देतें.

दुसरें उदाहरण आपल्या विषयाच्या अधिक जवळचें, आणि पुण्यांतीलच आहे. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार हे १९३७ सालीं डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून पुण्यास आले आणि येथलेच होऊन राहिले. १९७९ सालीं, वयाच्या साठीच्या सुमारास, त्यांना स्कूटरवरून जातांना अपघात झाला. पाठीचा कणा, खांदे व गुडघे यांना इजा झाली. ज्याच्या शरीराचें लाघव पाहावयास देशोदेशींचे लोक येत, त्याला साधीं आसनेंहि अवघड झालीं. तेव्हां त्यांनीं काय केलें? नवशिक्या विद्यार्थ्याप्रमाणें पहिल्या पाठापासून पुन्हां आरंभ केला. उशी, पट्टा, खुर्ची, दोर यांचा आधार घेतला, आणि वर्षानुवर्षें चिकाटी धरून गमावलेलें पुष्कळसें परत मिळविलें. दुखऱ्या मानेच्या माणसानें उठून शीर्षासन करावें, असा याचा अर्थ नव्हे. तसें केल्यास अनर्थ होईल. घेण्याजोगी गोष्ट ती पायरीची. गुरूलाहि पुन्हां बिगारींत बसावें लागतें, आणि बसण्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं.

मला स्वतःला ह्या विषयाची गोडी लागण्याचें कारणहि सांगतों. दोन वर्षांपूर्वीं नातलगांच्या मोटारींतून जात असतां, चौकांत उभ्या असलेल्या आमच्या गाडीला मागून एका टेंपोची ठोकर बसली. त्या दिवशीं कांहींच वाटलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं उशीवरून डोकें उचलवेना. क्ष-किरणांचें चित्र निर्दोष आलें. डॉक्टरांनीं दोनचार दिवसांपुरता पट्टा दिला आणि लगेच फिजिओथेरपिस्टकडे पाठविलें. मला वेदनेपेक्षां अधिक जाच झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ओंकारेश्वराकडे जातांना रस्ता ओलांडावयाचा तर मान वळत नसे, म्हणून सगळें अंगच फिरवावें लागे, आणि भेटणारे म्हणत, "गुरुजी, चांगले तर दिसतां!"

उपचार करणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्याहि मुलीच्या वयाची होती. ती म्हणाली, "सर, दुखेल म्हणून मान हलवायची थांबवूं नका. वळेल तेवढीच वळवा, पण दर तासाला वळवा."

मीं विचारलें, "आणि त्यानें आंत कांहीं तुटलें तर, बाळ?"

"तुटायचं असतं तर चित्रांत दिसलं असतं. आतां दुखतंय तें बिघडल्यामुळं नाहीं, आंखडल्यामुळं."

तिनें जो क्रम लावून दिला, तो सुश्रुताच्या गोळ्यापासून दगडापर्यंतच्या क्रमाचीच आठवण करून देणारा होता. पहिल्या आठवड्यांत ताठ बसून, वेदनेच्या मर्यादेंत, सावकाश उजवीकडे व डावीकडे पाहावयाचें. वेळोवेळीं शेक द्यावयाचा आणि रोज थोडें चालावयाचें. मग हनुवटी न झुकवतां सरळ मागें ओढून क्षणभर धरावयाची आणि खांद्यांचीं पातीं एकमेकांजवळ आणावयाचीं. त्यानंतर उताणें पडून, डोकें न उचलतां, होकार दिल्यासारखी हलकीशी मान हलवावयाची. ह्या व्यायामानें मानेच्या पुढील बाजूचे खोलांतले स्नायु जागे होतात. शेवटीं कपाळावर तळहात ठेवून डोक्यानें हाताला व हातानें डोक्याला रेटावयाचें, पण मान जागची हलूं द्यावयाची नाहीं. तसेंच दोन्ही बाजूंनीं व मागून. दिसावयास हे व्यायाम अगदीं क्षुल्लक. बालवर्गांतील मुलांचे कवाइतीचे हातवारे यांपेक्षां अवघड असतील. परंतु त्यांचें सारें सामर्थ्य नियमितपणांत आहे. सुमारें दहा आठवड्यांनीं माझी मान पूर्ववत् वळूं लागली.

सर्वांचेंच असें होतें, असें मात्र समजूं नये. पुष्कळ रोगी कांहीं आठवड्यांत किंवा दोनतीन महिन्यांत बरे होतात. कांहींचें दुखणें वर्ष उलटलें तरी रेंगाळतें. ज्यांच्या वेदना आरंभींच तीव्र असतात, किंवा ज्यांच्या मनांत भीति खोल बसते, त्यांना अधिक काळ लागतो. त्यांना आळशी किंवा सोंगाडे म्हणणें हें अज्ञानाचें लक्षण आहे. शरीर व मन यांची वांटणी करून, एकाचें दुखणें खरें आणि दुसऱ्याचें खोटें, असें ठरविण्याचा काळ एरिक्सन व पेज यांच्याबरोबरच संपावयास हवा होता.

एका बाबतींत मात्र घरच्या शहाणपणावर मुळींच विसंबूं नये. अपघातानंतर हातापायांना मुंग्या येत असतील किंवा त्यांतली शक्ति गेली असेल, चालतांना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, एकाच्या दोन वस्तु दिसत असतील, मानेच्या मध्यभागीं हाडावर बोट ठेवतांच असह्य कळ येत असेल, किंवा मान दोन्ही बाजूंस निम्मीहि वळत नसेल, तर ती न हलवतां प्रथम रुग्णालय गांठावें. हाड शाबूत आहे अशी खात्री झाल्यावरच व्यायामाचा विचार करावयाचा. आणि हाडवैद्याकडून मानेला कडकन् झटका देववून घेणें हें तर जिवावरचें साहस आहे.

उपचाराहून बचाव बरा, हें तर आपण जाणतोंच. मोटारीच्या आसनावर डोक्याच्या मागें जो टेकू असतो, त्याला पुष्कळ लोक डुलकी काढण्याची सोय समजतात. वास्तविक तो मानेसाठीं आहे. अमेरिकेनें १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींत पुढच्या आसनांना तो सक्तीचा केला, तो ह्या हिसक्यासाठींच. त्याचा वरचा कांठ आपल्या डोक्याच्या माथ्याच्या पातळीस असावा आणि डोकें व टेकू यांत फार अंतर राहूं नये. टेकू मानेच्या मध्यावर येईल इतका खालीं राहिला, तर मागें फेकलें जाणारें डोकें त्यानें अडत नाहीं. मोटारींत बसल्यावर पट्टा लावावयाचा, तसा हा टेकूहि आपल्या उंचीप्रमाणें वर ओढून घ्यावयाचा. त्याला दहा सेकंद लागतात. पुणें-मुंबई द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाल्यापासून आपल्या पुष्कळ घरांतील माणसें महिन्यांतून एकदोनदां तरी त्या वेगानें प्रवास करतात. त्यांनीं तर ही संवय अवश्य लावून घ्यावी. मागच्या आसनावर आजी-आजोबा बसतात. त्यांचा टेकू बहुधा अगदीं खालीं दाबलेला असतो, तोहि पाहावा.

श्रोतेहो, ह्या सर्व इतिहासांतून मला दोन गोष्टी सांगावयाच्या होत्या. दुखावलेल्या मानेला विश्रांति हवी, पण ती थोडी. आणि हालचाल हवी, पण ती क्रमाची. हें झालें रोग्यानें करावयाचें. दुसरी गोष्ट त्याच्या घरच्यांनीं करावयाची आहे. तुमच्या घरांत कोणी अशा अपघातांतून आलें, चित्र निर्दोष आलें, आणि तरीहि तो माणूस म्हणत राहिला कीं मान दुखते, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. आणि त्याच वेळीं त्याला अंथरुणाला खिळूं देऊं नका. दर तासाला हांक मारून त्याला उजवीकडे व डावीकडे पाहावयास लावा. एरिक्सन व पेज यांच्या भांडणांत रोग्याला हीं दोन्ही औषधें कोणीं दिलीं नाहींत. आपल्या घरांत तीं फुकट मिळण्यासारखीं आहेत.